डाव्या हाताची मूठ

पंचमी तोंडावर आली की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अंबाजोगाईतल्या सगळ्या बायकांना एकाच दिवशी आठवतं की आपल्याला ब्लाऊज शिवायचं होतं. "ताई, उद्या पायजेच हं," म्हणत एकेक जण पिशवी टाकून जाते आणि मी 'हो हो' करत मशीन चालवत राहते. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू असते. जरा ऊन पडतं, जातं, पुन्हा पडतं. अशातच परवा आईचा फोन आला.

"काय करायलीस?"

"मरायलेय कामात. बोल."

"मूठ हलायलीय," आई म्हणाली.

बस, एवढंच. 'जेवलीस का' नाही, 'लेकरं कशी आहेत' नाही. दुसऱ्या कुणाला यातून काही कळलं नसतं. मला कळलं, आणि हातातली कात्री मी खाली ठेवली. आईच्या खुरप्याची मूठ हलायला लागली होती, आणि ती मूठ करणारे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या पौषात गेले होते.

आमचं गाव चकलांब्याच्या पलीकडं. अण्णा गावचे सुतार. बैलगाड्या, तिफणी, दाराच्या चौकटी, सगळं त्यांनी केलं. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी दारं आली आणि ती कामं एकेक करून सरली. राहिल्या त्या खुरप्याच्या मुठी. बाजारात तयार मुठीची खुरपी ढिगानं मिळायची, नाही असं नाही. पण आमच्या गावच्या बायका लोखंड बाजारातून आणायच्या आणि मुठीला अण्णांकडं यायच्या. कारण अण्णा हाताचं माप घेऊन मूठ करायचे.

माप कसं? तर मातीनं. खुरपणीच्या आधी अण्णा काळी माती भिजवून, तिंबून ठेवायचे. बाई आली की तिच्या हातात मातीचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं, "दाब." नव्या सुना लाजायच्या, हलकेच धरायच्या. मग अण्णा म्हणायचे, "जोर लावून दाब गं, नवऱ्याचा गळा हाय असं समज." त्यावर सगळ्या बायका फिदीफिदी हसायच्या आणि त्या हसण्यात सून गोळा असा आवळायची की बोटं पार आत जायची. हातात उरायचं ते खरं माप. कुणाची करंगळी आखूड, कुणाचा अंगठा बाहेर वळलेला, कुणाच्या तळव्यात जुना घट्टा. ते गोळे अण्णा छपराखालच्या भिंतीवर ओळीनं वाळत ठेवायचे. शाळेतून आल्यावर मी त्या खळग्यांत माझी बोटं घालून बघायची आणि कोण कोण येऊन गेलं ते ओळखायची. आज मी छातीचं, कंबरेचं, दंडाचं माप टेपनं घेते आणि पाटीवर लिहिते. पण खरं सांगू, टेपनं माणूस कळत नाही.

मूठ बाभळीची. फांदी पाण्यात मुरवलेली, सावलीत वाळवलेली. अण्णा ती वाकसानं तासायचे. वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, आडव्या धारेचं. तासून झालं की काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, बोटांचे खळगे मातीच्या गोळ्याशी ताडून बघायचे. मग खुरप्याचं मागचं टोक भट्टीत लाल करून मुठीच्या भोकात ठोकायचं. चर्र आवाज, निळा धूर आणि जळक्या बाभळीचा तो वास. वरून लोखंडी कडी आणि करडईचं तेल. श्रावणात आमच्या घरी फुलांचा, उदबत्तीचा वास कमी आणि हा वासच जास्त. अजूनही कुठं लाकूड जळालं की मला खुरपणी आठवते. लोकांना काय काय आठवत असेल.

या कामाची एक दुसरी बाजू होती, ती लहानपणी मला आवडायची नाही. गावात कुणी गेलं की तिरडी उठायच्या आधी त्या घरचं माणूस अण्णांकडं यायचं. गेलेल्याच्या रोजच्या हातातलं हत्यार घेऊन. बाई असली तर खुरपं, गडी असला तर कुऱ्हाड नाहीतर टिकाव. अण्णा दोन-चार ठोके घालून लाकूड लोखंडातून सोडवायचे. लाकूड सरणावर जायचं. लोखंड घरात राहायचं आणि सुनेच्या नाहीतर लेकाच्या हाताची नवी मूठ त्याला बसायची. अण्णा म्हणायचे, "लोखंड घराचं असतंय. लाकूड माणसासंगं जातंय." शेजारच्या गावात ही रीत नाही. आमच्याकडं कुणी पाडली, मला माहीत नाही. पण सोडवलेली मूठ दिसली की गावात कुणीतरी गेलं, एवढं शेंबड्या पोरालाही कळायचं.

आणि तरी अण्णांच्या हातून ते झालंच.

आईला लकवा मारला तो काही वर्षांमागचा असाच श्रावण होता. शेतातून आली, घागर उचलायला गेली आणि उजवा हात उचललाच गेला नाही. तोंड जरा वाकडं झालेलं. भावानं गाडी केली आणि तिला इकडं अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला, बोलणं आलं, पाय चालायला लागला. हात मात्र लुळा तो लुळाच. पुढचे कित्येक दिवस ती माझ्याकडं होती. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. आई तो लुळ्या हातात धरून दाबायला बघायची आणि तोंड वाकडं करायची.

"काय झालं?"

"ह्याच्यात हात उमटत न्हाई गं. दाबला का न्हाई, कसं कळावं?"

रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच. खुरपणी चालू असंल, आपली पात कुणी धरली असंल. खुरपायला बसलेल्या बायका ओळीनं बसतात आणि एकेकीच्या वाट्याला पिकाच्या दोन-दोन ओळी येतात. ती तिची पात. सगळ्यांनी बरोबर पुढं सरकायचं. आईची पात कधी मागं पडली नाही, हा तिचा मोठा गर्व. सोनंनाणं नव्हतं तिच्याकडं, पण पात होती. एकदा मी म्हटलं, "आई, आता बस झालं. खुरपं सुनंला दे नि निवांत बस." त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून चहा ठेवायला गेले.

तिकडं गावात अण्णा आईवाचून एकटे पडलेले. करमेना, झोप येईना. त्यांनी विचार केला, उजवा गेला तर गेला, डावा आहे की. ती यायच्या आत डाव्या हाताचं खुरपं करून ठेवू. चांगलाच विचार होता, त्यात काही वाकडं नव्हतं. उजव्या हाताच्या खुरप्याचं वळण डाव्याला चालत नाही, म्हणून लोखंड लोहाराकडं न्यायचं होतं. त्यासाठी आधी मूठ काढायला हवी होती. त्यांनी ठोके घातले आणि काढली. लोहाराकडून वळण बदलून आणलं. नवी मूठ करायला मात्र माप नव्हतं, हात तर अंबाजोगाईत. म्हणून लोखंड आणि जुनी मूठ दोन्ही ओट्यावर ठेवून ते वाट बघत बसले. अख्ख्या गावाच्या मेलेल्या माणसांची लाकडं ज्या हातांनी सोडवली, त्या हातांना त्या दिवशी काही आठवलं नाही. त्यांना ते नुसतं काम वाटलं.

मीच आईला घेऊन गेले होते. जीप दारात थांबली. माझा हात धरून आई ओट्यापर्यंत आली आणि थांबली. एका बाजूला लोखंड, एका बाजूला मूठ. तिच्या अंगठ्यानं झिजून झिजून पडलेला खळगा वर दिसत होता. अण्णा हसत पुढं आले होते, बिचारे.

"घातलं का माझं तेरावं?" आई म्हणाली.

अण्णांनी ओट्याकडं बघितलं. मग त्यांना कळलं. त्यांचं तोंड असं पडलं की मला आजही ते आठवलं की गलबलून येतं. "आगं, न्हाई गं... डाव्या हाताचं करायलो होतो..." एवढंच त्यांना बोलता आलं. आई आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिला दुखण्यानं मोडलं नव्हतं, ते त्या ओट्यानं मोडलं. घरच्यांनी आपल्याला मेल्यात धरलं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. मी समजावलं, वहिनीनं समजावलं. "तुमाला न्हाई कळायचं," म्हणायची. अण्णांशी तर शब्द नाही. ते रोज मातीचा गोळा तिंबून तिच्यापुढं आणून ठेवायचे, खाली बसायचे, म्हणायचे, "हात दे." ती द्यायची नाही. गोळा तसाच वाळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा गोळा. मला परत निघायचं होतं, दुकान बंद पडलेलं, पण त्या दोघांना तसं टाकून माझा पाय निघेना.

शेवटी कौसाबाई आली. कौसाबाई म्हणजे खुरपणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादमीण, आईची जन्माची जोडीदारीण. दारातनंच ओरडली, "काय गं, मेलीस म्हणं? मग सांगावा तरी धाडायचा, रोज बुडवून आलो असतो."

आईनं पदर डोक्यावरून ओढला.

"सरणावर न्यायला आमी हावच की," कौसाबाई तिच्या उशाशी बसत म्हणाली, "पर आधी पात तर धर. बांधाकडची ठिवलीय तुझी. कुणाला बसू देईना मी तिथं. आता किती दिस भांडू लोकांसंगं?"

आई भिंतीकडंच तोंड करून होती. पण तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय कळेना. मग ती उठून बसली आणि डावा हात पुढं केला. अण्णांनी गोळा ठेवला. तिनं दाबला. फारसा उमटला नाही. डाव्या हातानं आयुष्यात कधी काही आवळलंच नव्हतं, त्याला काय कळणार. अण्णांनी गोळा परत घेतला, थोडं पाणी लावून मऊ केला आणि पुन्हा दिला. नवऱ्याच्या गळ्याचं मात्र त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

त्या पावसाळ्यात अण्णांनी मुठीवर मुठी केल्या. कुठली जाड झाली, कुठली अंगठ्याला टोचली. आई अंगणातल्या गवतात बसून बघायची आणि बाजूला टाकायची. टाकलेली मूठ वहिनी चुलीत घालायची आणि आम्ही त्यावर भाकरी खायचो. आई आता बोलायला लागली होती, म्हणजे टोमणे मारायला. "म्हैस बांधायची का ह्या खुट्याला?" अण्णा मान डोलवत नवं लाकूड घ्यायचे. रोज संध्याकाळी ती नवा गोळा दाबायची. गोळ्यांची ओळ भिंतीवर वाढत गेली आणि त्यात बोटं खोल होत गेली. आम्हाला न सांगता तो हात शिकत होता. एक दिवस तिनं मूठ धरली, दोन हात गवत काढलं आणि ती बाजूला टाकली नाही. अण्णांनी उठून करडईचं तेल आणलं.

जुनी मूठ अण्णा लपवायला बघत होते. आईनं मागून घेतली. "ती माझीच हाय. ठिवा वर. जायच्या दिवशी दोनी द्या मला." छपराच्या वळचणीला तिनं ती स्वतः खोचली.

मग ती गेली शेतात. मी बांधावर बसले होते, म्हटलं पडली-बिडली तर. कापसाच्या ओळी, ओली काळी माती, बायका ओळीनं बसलेल्या, बांधाच्या कडेला आई. डाव्या हातानं खुरपं, लुळा उजवा मांडीवर. हराळीचं चिवट तण तिला निघेना. बायका पुढं सरकत गेल्या. एक पोरसवदा सून वळून बघायला लागली, आईला हात लावायला उठणार, तेवढ्यात कौसाबाई गरजली, "मागं वळून बघायचं न्हाई कुणी. जिची पात तिची." सगळ्या माना पुढं वळल्या. आई मागं, एकटी, हळूहळू. मला रडू आवरेना. मदत केली असती तर ती पाहुणी झाली असती. कुणी वळलं नाही म्हणून ती त्यांच्यातली राहिली. दुपारी सगळ्या जणी लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या आणि कौसाबाईनं आईची भाकरी न विचारता कुस्करली. आई कुरकुरली, "उजवा गेलाय, दात न्हाई गेलं माझं."

तेव्हापासून दर खुरपणीला ती जात राहिली. अर्धी पात, कधी पाव. आता गावात निम्मी शेतं फवाऱ्यावर गेलीत, तणनाशक मारलं की झालं. टोळी लहान झाली. भिंतीवर गोळे तरी कुठले दिसायला. तरी बांधाकडची पात आईची ती आईचीच.

अण्णा पौषात गेले. झोपेतच गेले, सकाळी उठले नाहीत. मी पोचले तेव्हा सगळी तयारी झाली होती आणि तरी माणसं थांबली होती. मग माझ्या ध्यानात आलं. अण्णांचा वाकस ओट्यावर ठेवलेला होता, आणि त्याचा दांडा सोडवणार कोण? ज्याच्याकडं न्यायचं तोच तिरडीवर. भाऊ पुढं आला, हातोडी उचलली आणि त्याला घातली जाईना. माजलगावच्या कारखान्यात तो फिटर आहे, दिवसभर लोखंडाशीच झटतो, पण हातोडी त्यानं परत खाली ठेवली.

"सर बाजूला," आई म्हणाली.

ती खाली बसली. वाकस दोन्ही पायांच्या तळव्यांत धरला, डाव्या हातात दगड घेतला आणि ठोके घातले. पहिले चुकले. मग बसले. दांडा सुटला. अण्णांच्या तळहातानं काळा, गुळगुळीत झालेला दांडा. आईनं तो अण्णांच्या उजव्या बाजूला ठेवला आणि वाकून त्यांना म्हणाली, तसं मोठ्यानंच, सगळ्यांनी ऐकलं, "माझी तुमी जित्तेपणी काढली, तुमची मी गेल्यावर काढली. आता फिटलं."

मग तिरडी उठली.

आईच्या फोननंतर मी तशीच निघाले होते, आणि हे सगळं माजलगावला गाडी बदलताना, पुढं गेवराईपर्यंत, खिडकीशी बसून मला आठवत होतं. ब्लाऊजवाल्या बायकांचे फोन येत होते, मी उचलत नव्हते. गावात उतरून घरी आले तर आई ओट्यावर खुरपं घेऊनच बसलेली. शेजारी एक कोरं खुरपं, प्लास्टिकच्या मुठीचं.

"भाऊनं आणलंय. मायेनंच आणलंय त्यानं," आई म्हणाली. "ठिवलंय. वहिनीला व्हईल."

तिचं खुरपं मी हातात घेतलं. उन्हाळ्यात लाकूड आकसलं होतं, आत लोखंड खुळखुळत होतं. ओढलं असतं तर मूठ हातात आली असती. रीतसर करायचं तर तेच, काढायची, साफ करायची, नव्यानं बसवायची.

"काढू?"

"हात तोडीन," आई म्हणाली. "बाहीर येऊ द्यायची न्हाई. ती मी गेल्यावर काढायची."

माझी पिशवी माझ्याबरोबर असतेच. त्यात बुकरमचे तुकडे होते, ब्लाऊजच्या गळ्याला घालतात ते कडक कापड. त्याची बारीक पट्टी कापली, कात्रीच्या टोकानं मुठीच्या तोंडाशी लोखंडाच्या भोवती हळूहळू आत ढकलत गेले. अण्णांनी लाकडाची पाचर मारली असती. माझ्याकडं कापड होतं. आई श्वास रोखून बघत होती, आणि मीही. शेवटी खुरपं बादलीत उभं केलं, लाकूड फुगायला. तासाभरानं आईनं हलवून बघितलं. हललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली. मी घरी थांबले, वहिनीशी बोलत. वळचणीला तिची जुनी मूठ होती, खाली ओट्याच्या कोपऱ्यात अण्णांच्या वाकसाचं नुसतं लोखंड. त्यावर तांबेरा चढायला लागला होता. मी ते पदरानं पुसलं आणि परत ठेवलं.

आई आली ती पदरात काहीतरी घेऊन. मला वाटलं शेंगा. पदर सोडला तर काळी माती, शेतातली, ओली. पाणी लावून ती एका हातानं तिंबायला बसली. वेळ लागला. मग गोळा करून माझ्यापुढं धरला.

"हे काय?"

"वाकसाचं माप."

"आई, अगं करणार कोण आता?"

"करणारा गेला म्हणून माप घ्यायचं न्हाई का?" ती जरा चिडलीच. "लोखंड घराचं हाय. कुणाच्या तरी हाताचं व्हाया पायजे. भावाचं काळीज न्हाई तेवढं. तुझा हात मापाचा हाय. कोण करंल ते बघू म्होरं. दाब."

मी गोळा हातात घेतला. गार होता. माझी बोटं त्यावर नुसती टेकली, लहानपणच्या त्या नव्या सुनांसारखी.

"जोर लावून दाब गं," आई म्हणाली, "नव..." आणि तिला पुढं बोलवेना.

"नवऱ्याचा गळा हाय असं समज," मी म्हणाले, आणि दाबला.